सदाशिव पेठेची कैफियत

ज्या पुरुषाच्या नावाने पेठ वसली तो पुरुष पानिपतावर कामास आला की जिवंत राहिला, याचा निकाल लावण्यास ज्या दरबाराला पंधरा वर्षे लागली, त्या दरबाराच्या छायेत वाढलेल्या सदाशिव पेठेत खरा रहिवासी कोण आणि तोतया कोण हा वाद आजही संपलेला नाही, यात विस्मय वाटण्याजोगे काही नाही. सदाशिवरावभाऊ १७६१ च्या जानेवारीत पानिपतच्या रणधुमाळीत दिसेनासे झाले. पुढे सुखनिधान नावाचा एक कनोजी गृहस्थ ‘आपणच भाऊ’ असे सांगत प्रकट झाला, आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारे इतके निघाले की १७७६ साली त्याला देहदंड होईपर्यंत कारभाऱ्यांना स्वस्थ झोप लागली नाही. अशा पेठेच्या रहिवासी संघटनेने आपल्या घटनेत सभासदत्वाचे कलम तीन ओळींत लिहावे आणि त्यावर खुलासा म्हणून दोन पाने जोडावीत, हे परंपरेस धरूनच झाले.

संघटनेचा उद्देश थोडक्यात सांगावयाचा तर पेठेच्या वतीने बोलणे, हा होय. पेठ स्वतः मुकी आहे असे नव्हे. पहाटे दुधाच्या क्रेटांच्या खडखडाटापासून रात्री शेवटचे शटर खाली येईपर्यंत ती बोलतच असते. परंतु ते बोलणे सरकारदरबारी रुजू होत नाही, आणि जे रुजू होत नाही त्याला बोलणे म्हणण्याचा प्रघात आमच्याकडे नाही. पेशवाईत ही अडचण नव्हती. पुणे शहरच्या कोतवालाकडे गल्लीबोळांचे तंटे, घरांच्या खरेदीविक्रीची नोंद, बाजारातील भाव आणि शहरात येणाऱ्याजाणाऱ्यांची टिपणे अशी सारी कामे एकत्र असत, आणि तक्रारदाराला एकाच चावडीची पायरी चढावी लागे. त्या व्यवस्थेचे दोष घाशीराम कोतवालाच्या अमदानीत जगजाहीर झाले, आणि १७९१ साली लोकांनी त्याचा निकाल दगडांनी लावला, हे मान्य आहे. तथापि तक्रार कोणाकडे न्यावी याविषयी त्या काळी संदेह नव्हता. आज गटाराचे झाकण एका खात्याचे, झाकणाखालचे पाणी दुसऱ्याचे, झाकणाशेजारून गेलेली तार तिसऱ्याची आणि झाकण नसताना त्यात पाय गेलेला मनुष्य चौथ्याचा असतो. या चार खात्यांच्या मधोमध जी थोडी मोकळी जागा उरते, तीत आमच्या संघटनेचा जन्म झाला.

जन्म सुलभ झाला नाही. १८६० च्या कायद्याप्रमाणे संस्था नोंदवावयाची तर किमान सात माणसांनी एका उद्देशपत्रिकेखाली सह्या कराव्या लागतात. सात माणसे मिळविणे पेठेत अवघड नाही. कोणत्याही कट्ट्यावर ती आयती बसलेली असतात. परंतु सात माणसांनी एकाच मजकुराखाली सही करावी, ही अट करणाऱ्या विलायती कायदेपंडिताने सदाशिव पेठ पाहिलेली नसावी. एकाचा ‘सर्वांगीण’ या शब्दाला आक्षेप होता, कारण त्याच्या मते पेठेला एवढी अंगे नाहीत. दुसऱ्याला ‘सर्वांगीण’ चालत होते, परंतु त्यापुढील ‘विकास’ नको होता, कारण विकास म्हटले की त्याला समोरच्या वाड्याच्या जागी उभी राहिलेली सात मजल्यांची इमारत दिसे. अखेरीस ‘पेठेच्या सर्वांगीण हिताचे रक्षण’ या शब्दांवर तह झाला, आणि धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी संस्था दाखल झाली. आता दर निवडणुकीनंतर बदललेल्या विश्वस्तांचा ‘चेंज रिपोर्ट’ दाखल करावा लागतो, आणि मागचा मंजूर होण्यापूर्वी पुढची निवडणूक येऊन ठेपते. त्यामुळे कागदोपत्री आमचे अध्यक्ष अद्याप ते गृहस्थ आहेत, ज्यांच्या श्रद्धांजलीचा ठराव आम्ही एकमताने संमत केलेला आहे. हा संघटनेच्या इतिहासातील एकमेव एकमताचा ठराव असल्याने त्याची नक्कल काचेच्या चौकटीत लावलेली आहे.

अर्ज लिहिण्याची कला ही या पेठेची खरी कुलविद्या. पुण्याच्या पाट्यांविषयी आजवर पुष्कळांनी लिहिले आहे आणि त्यात भर घालण्याची आमची इच्छा नाही. परंतु पाटी हा फार तर अर्जाचा बाल्यावस्थेतील प्रकार होय. पाटी येणाऱ्याजाणाऱ्याला उद्देशून असते. अर्जाला आवक क्रमांक मिळतो. तथापि पेठेबाहेरून बदलून आलेल्या अधिकाऱ्याला अर्ज समजावयाचा तर जागेचे वर्णन करावे लागते, आणि जागेचे वर्णन देवळांवाचून होत नाही, येथे मोठा घोटाळा होतो. पुण्यातील देवांना जी विशेषणे लाभली आहेत ती भक्तांच्या अंगवळणी पडलेली आहेत. उपाशी विठोबा, भिकारदास मारुती, पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती ही नावे आम्ही ज्या निर्विकार मुद्रेने उच्चारतो, त्या मुद्रेने ती ऐकून घेणे परगावच्या माणसाला साधत नाही. ‘खुन्या मुरलीधराच्या मागील बोळात सायंकाळनंतर पूर्ण अंधार असून स्त्रिया व वृद्ध यांना भीती वाटते’ असा एक सरळ अर्ज आम्ही दिव्याच्या मागणीसाठी केला असता, नव्याने रुजू झालेल्या एका कर्तव्यदक्ष कारकुनाने तो तातडीने पोलिसांकडे रवाना केला. दोन शिपाई मुरलीधराची चौकशी करण्यास आले, दर्शन घेऊन आणि प्रसाद खाऊन परत गेले. दिवा लागला नाही. परंतु प्रकरण ‘चौकशीअंती तथ्य आढळून आले नाही’ असा शेरा मारून बंद करण्यात आले.

आता सभासदत्वाचा प्रश्न. संघटना पेठेतील रहिवाशांची आहे हे तिच्या पावतीपुस्तकावर छापलेले आहे. परंतु कार्यकारिणीतील निम्म्याहून अधिक मंडळी राहावयास कोथरूड, सहकारनगर आणि सिंहगड रस्ता या भागांत आहेत, हे छापलेले नाही. यामागे इतिहास आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्याने वाड्यांतील बिऱ्हाडांची भाडी जागच्या जागी थिजली. थिजलेल्या भाड्यात मालकाला कौले शाकारणे परवडेना आणि कौले गळतात म्हणून भाडेकरू भाडे वाढवीना. या परस्परसौजन्यात वाडे एकेक करून वाकले. तशात १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले, आणि नदीकाठच्या पेठांतून पाणी शिरून हजारो संसार उघड्यावर आले. त्यांतील अनेकांची वसाहत पुढे गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या ठिकाणी झाली. त्या प्रलयाचे पाणी आमच्या बाजूस नेमके कोणत्या पायरीपर्यंत आले होते याविषयी संघटनेत दोन पक्ष आहेत, आणि कोणत्याही विषयावरील चर्चा, मग ती भटक्या कुत्र्यांची का असेना, शेवटी त्या पायरीवर येऊन टेकते. असो. माणसे पेठ सोडून गेली. वाड्यातील खोलीची किल्ली मात्र कोणी सोडली नाही. ती खोली बंद असते, तीत पितळेची भांडी, मोडका पलंग आणि भाड्याच्या पावत्या असतात, आणि तिचा मालक नदीपलीकडील सदनिकेत बसून पेठेचे कसे वाटोळे झाले याची चिंता वाहत असतो. ही चिंता खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पेठेवर दुरून प्रेम करणे जवळून करण्यापेक्षा पुष्कळच सोपे जाते. त्यात रात्री ढोलताशाचा सराव ऐकावा लागत नाही.

या दूरस्थ प्रेमाची एकच बाजू अडचणीची होती: प्रेम करणारे सभेला वाहनाने येतात. पेठेतील वाहनतळाच्या प्रश्नावर बोलावलेली विशेष सर्वसाधारण सभा गणसंख्येअभावी अर्धा तास तहकूब करावी लागली, कारण तोवर गणसंख्येचा मोठा भाग वाहन लावण्यास जागा शोधत कुमठेकर रस्त्याला प्रदक्षिणा घालत होता. दोन सभासद अर्ध्यातून घरी परतले आणि त्यांनी दूरध्वनीवरून ठरावास पाठिंबा कळविला. घटनेप्रमाणे तो ग्राह्य धरता येईना; परंतु ठरावाच्या पुष्ट्यर्थ पुरावा म्हणून तो नोंदवून घेण्यात आला.

त्या सभेतील खरी चर्चा मात्र सम आणि विषम तारखांवर झाली. पुण्यातील पुष्कळ रस्त्यांवर ‘पी १’ आणि ‘पी २’ अशा पाट्या असून, विषम तारखेला एका बाजूस आणि सम तारखेला दुसऱ्या बाजूस वाहने लावावीत असा दंडक आहे. दंडक न्यायाचा आहे: आज ज्याच्या दारापुढे स्कूटरांची रांग, उद्या त्याचा उंबरा मोकळा. परंतु एका सेवानिवृत्त गणितशिक्षकांनी उभे राहून निदर्शनास आणले की महिन्याची ३१ तारीख आणि पुढील महिन्याची १ तारीख या दोन्ही विषम असल्याने, ज्या बाजूस त्यांचे घर आहे त्या बाजूने वर्षातून सात वेळा लागोपाठ दोन दिवस भार सोसावा, आणि समोरच्या बाजूने एकदाही सोसू नये, हा उघड पंक्तिप्रपंच आहे. सभा स्तब्ध झाली. समोरच्या बाजूच्या एका सभासदाने ‘वर्षातून सात दिवसांचे काय घेऊन बसलात’ असे म्हणताच शिक्षकांनी, जणू याचीच वाट पाहत असल्याप्रमाणे, लीप वर्षात २९ फेब्रुवारी आणि १ मार्च धरून आठ होतात, असे शांतपणे सांगितले. पुढील पाऊण तास पेठेतील कोंडी, पादचाऱ्यांची कुचंबणा, रुग्णवाहिकेला न मिळणारी वाट हे सर्व विषय बाजूस राहिले, आणि ३१ तारखेस ‘मानीव सम’ समजावे अशी दरखास्त सूचक-अनुमोदकांसह संमत होऊन योग्य त्या खात्याकडे रवाना झाली. तिचे उत्तर आलेले नाही. आम्हांला त्या खात्याविषयी सहानुभूती वाटते.

गोंगाटाविरुद्धच्या लढ्याविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तो लढा आम्ही थोडक्यातच लढतो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आमच्या चिटणिसांना मुखोद्गत आहेत: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, आणि सरकारने मनावर घेतले तर वर्षातून पंधरा दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंतची सवलत. हे नियम ते इतक्या तळमळीने आणि इतक्या उंच स्वरात म्हणून दाखवितात की ४५ ची मर्यादा तेथेच ओलांडली जात असावी. परंतु भाद्रपद लागला की संघटनेत एक विलक्षण शांतता पसरते. अध्यक्ष गणेश मंडळाचे माजी उत्सवप्रमुख, खजिनदारांचा मुलगा ढोलपथकात, आणि खुद्द चिटणिसांची नात ध्वज नाचविणारी. मिरवणूक लक्ष्मी रस्त्यावरून, कुमठेकर रस्त्यावरून, टिळक रस्त्यावरून चोवीस तासांहून अधिक काळ सरकत असताना आमची कार्यकारिणी गच्चीवर उभी राहून ‘नात कुठवर आली’ हे पाहत असते. गोंगाटाचा अर्ज आम्ही करतो, नाही असे नाही. तो अनंतचतुर्दशीनंतर, घसा आणि कान ठिकाणावर आल्यावर, पुढील वर्षासाठी करतो.

आणि या सर्व धामधुमीत पेठेत प्रत्यक्ष राहतो कोण, याकडे संघटनेचे लक्ष अगदी अकल्पित रीतीने वेधले गेले. वाडे पडले, बिऱ्हाडे गेली, परंतु पेठ रिकामी झाली नाही. राज्यसेवेच्या परीक्षांची तयारी करणारी मुलेमुली मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून येऊन येथे राहू लागली; एकेका खोलीत चार-चार खाटा पडल्या, जुन्या दिवाणखान्यांच्या अभ्यासिका झाल्या, ओटीवर खानावळी निघाल्या. ही मंडळी अकरा महिन्यांच्या करारावर राहतात, पहाटे पाचला अभ्यासिकेतील जागा धरतात, चहाच्या टपरीपाशी उभे राहून मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वे यांतील भेद एकमेकांना समजावून देतात. संघटनेच्या दप्तरी त्यांची नोंद आजवर एकाच सदराखाली होती, ती म्हणजे ‘उपद्रव’. त्यातील पोटसदरे ‘रात्री उशिरा मोठ्याने हसणे’, ‘दाराशी सायकली’ आणि ‘पाण्याचा अतिरिक्त वापर’.

खुन्या मुरलीधरामागच्या त्या दिव्यासाठी आम्ही सातव्यांदा अर्ज लिहीत होतो. मसुदा सभामंडपात मोठ्याने वाचला जात होता. मसुदा देखणा होता. त्याचे कर्ते न्यायखात्यातून निवृत्त झालेले आमचे ज्येष्ठ सभासद, आणि त्यांच्या वाक्यात शिरलेला मनुष्य क्रियापदापर्यंत पोहोचेतो दमून जाई. ‘मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम १९४९, कलम ६६ अन्वये’ असे शब्द येताच, पायरीवर बसून नोट्स वाचणाऱ्या हिंगोलीकडच्या एका मुलाने मान वर केली.

“काका, कलम चुकलंय.”

सभामंडपात जी शांतता पसरली ती ४५ डेसिबलच्या पुष्कळच खालची होती.

“कोण रे तू?” ज्येष्ठ सभासदांनी विचारले.

“समोरच्या वाड्यात राहतो, काका. कलम ६६ म्हणजे महापालिकेनं मर्जी असेल तर करायची कामं. उद्यानं, पोहण्याचे तलाव वगैरे. रस्त्यावरचे दिवे, गटारं, साफसफाई ही ६३ मध्ये येतात. ती बंधनकारक आहेत. आणि अधिनियमाचं नाव आता ‘महाराष्ट्र महानगरपालिका’ आहे.”

म्हणजे जे काम कायद्याने करणे भागच होते, ते काम ‘आपली मर्जी असल्यास करावे’ असे संघटना सहा अर्जांतून, उत्तरोत्तर अधिकाधिक संतप्त भाषेत, बजावीत आली होती. आणि समोरच्या खात्याने आपली मर्जी नाही हे सहा वेळा, भाषा न वापरता, कळविले होते. ज्येष्ठ सभासदांनी प्रथम प्रांताचा मुद्दा घेतला. प्रांत गेला म्हणून प्रांतिक कायदा जात नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. कलमाविषयी ते म्हणाले की हक्काने मागण्यापेक्षा मर्जीवर सोपवावे यात आपला विनय होता. या पेठेत विनयाचा आरोप कोणी स्वतःवर ओढवून घेतल्याचे हे पहिलेच उदाहरण असावे.

अर्ज दुरुस्त होऊन गेला, आणि काही दिवसांनी बोळात दिवा लागला. या घटनेने संघटनेत जो गोंधळ माजला त्याचे वर्णन करणे कठीण आहे. प्रत्येक सभेच्या कार्यपत्रिकेवर विषय क्रमांक ३ हा दिव्याचा असे. तो गेल्याने ४ ला ३ म्हणावे की ३ ची जागा रिक्त ठेवावी, यावर दोन पक्ष पडले. दिव्याचा प्रकाश थेट आपल्या पहिल्या मजल्यावरील शयनगृहात येतो अशी तक्रार खजिनदारांनी लेखी दिली, आणि त्यांच्या सुदैवाने तीच विषय क्रमांक ३ म्हणून दाखल करून घेता आली.

मुलाने मात्र पुढे जे केले ते कोणाला अपेक्षित नव्हते: त्याने वर्गणी भरून सभासदत्वासाठी अर्ज केला. अर्जाची भाषा स्वच्छ, कलमे बरोबर, सोबत भाडेकराराची नक्कल. येथे ती दोन पानांची खुलाशाची पुरवणी बाहेर निघाली. तीत ‘पेठेशी कायमस्वरूपी वास्तव्याचा संबंध’ अशी अट आहे, आणि अकरा महिने हे कायमस्वरूपी कसे, असा प्रश्न सहकारनगरहून आलेल्या एका सभासदाने कळकळीने उपस्थित केला. आपण स्वतः पेठेत शेवटचे कधी झोपलात असे कोणी त्यांना विचारले नाही, कारण विचारणाराही वारज्याहून आला होता. गणितशिक्षकांनी, जे पेठेतच राहतात आणि म्हणून कमी बोलतात, एवढेच निदर्शनास आणले की एका खोलीत चार याप्रमाणे त्या एका वाड्यात जेवढी मुले राहतात तेवढे सभासद आज सभेला उपस्थित नाहीत. हे कोणाला रुचले नाही. मते मागता समसमान पडली, आणि अध्यक्षांनी निर्णायक मत देण्याऐवजी, आपण वर सांगितल्याप्रमाणे कागदोपत्री अद्याप अध्यक्ष नसल्याचा मुद्दा प्रथमच आपल्या सोयीने वापरला.

आमचे मत विचाराल तर त्या मुलाला सभासद करून घ्यावेच, आणि लगोलग चिटणीस करावे. तो परीक्षा उत्तीर्ण झाला तर कुठल्या तरी तालुक्याला तहसीलदार होऊन जाईल आणि तेथील रहिवासी त्याच्याकडे चुकीच्या कलमाखाली अर्ज करतील. नापास झाला तर आणखी एक वर्ष येथेच राहील, आणि मग सलग वास्तव्याच्या हिशेबात तो कार्यकारिणीतील बहुतेकांच्या पुढे असेल. दोन्ही पक्षी पेठेचा तोटा होईल असे दिसत नाही. त्याने दुसऱ्या अर्जाचा मसुदाही देऊन ठेवला आहे, तो अभ्यासिकांसमोरच्या तुंबलेल्या गटाराविषयी आहे, आणि त्यात कलम ६३ आहे.

हा विषय पुढील सभेपुढे ठेवला आहे. सभा रविवारी सायंकाळी साडेपाच वाजता नेहमीच्या सभामंडपात होईल. सभासदांनी वेळेवर यावे, शक्य तो पायी यावे. वाहन आणणे अपरिहार्यच असेल तर त्या दिवशी ३१ तारीख असून ती अद्याप विषमच धरली जाते, याची नोंद घ्यावी.